कबुतराची जोडी आणि अंड्यांचा हिशेब

चंद्रपूर-बल्लारपुरात काय किंवा वडसा-आरमोरीकडच्या गावांत काय, ज्यांच्या घरी कबुतरं आहेत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: जोडी जास्त अंडी कशी देईल? हा प्रश्नच उलटा आहे. दाणा, पाणी आणि आडोसा मिळाला की पाळीव कबुतर बारमाही अंडी घालतं. त्याला थांबवायचं कधी आणि कसं, हे खरं पाळणाऱ्याचं काम. नेमकं तिथेच ऐकीव माहितीचं पीक उदंड आहे.

सुरुवात पहिल्या अंड्यापासूनच होते. जोडी जमल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी मादी पहिलं अंडं घालते, बहुधा संध्याकाळी. मग ती त्यावर नीट बसत नाही, नुसती उभी राहते. "ही अंडी टाकणार," असं म्हणून नवखा माणूस घाबरतो. तिचं काहीच चुकलेलं नसतं. दुसरं अंडं सुमारे 44 तासांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी येतं आणि खरं उबवणं तिथून सुरू होतं. म्हणूनच दोन्ही पिल्लं जवळजवळ बरोबरीनं बाहेर येतात. दुसऱ्या अंड्यापासून 17-18 दिवस मोजायचे. पहिल्यापासून मोजणारे दोन दिवस आधीच अधीर होतात, वांझ समजून अंडं फोडून पाहतात आणि आत जिवंत पिल्लू निघतं. पाटीवर खडूनं तारीख लिहिली तरी हे टळेल.

कोंबडीच्या सवयीनं कबुतराकडे पाहणं ही दुसरी गफलत. कोंबडी खुडूक बसते, कोंबड्याला त्याचं सोयरसुतक नसतं. कबुतरात नर पाळी लावून बसतो: सकाळी उशिरापासून दुपार उलटेपर्यंत तो, बाकीचा दिवस आणि सगळी रात्र मादी. "मादीला त्रास देतो" म्हणून या काळात नराला वेगळं कोंडणारे लोक आपल्याच हातानं ती वीण बुडवतात. काडी आणणंही त्याचंच काम असतं. तो एकेक काडी आणून देतो, ती बसल्या जागी रचते. कडुनिंबाच्या बारीक वाळक्या काड्या टाकून ठेवाव्यात. पेटीचा तळ गुळगुळीत पत्र्याचा किंवा फरशीचा नको, पिल्लांचे पाय फाकतात आणि मग ते सरळ होणं अवघड.

माणसाचा हात लागला की पक्षी अंडी सोडतो, हे घराघरांत पक्कं बसलेलं आहे. माणसाळलेल्या कबुतराला त्याचं काही वाटत नाही. पाच-सहा दिवसांनी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरावं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलेलं आहे, स्वच्छ पिवळसर दिसलं तर अंडं वांझ. जोडी घरटं सोडते ती घुसखोरीमुळे: उंदीर, मांजर, आणि आपल्याकडे जंगल दाराशीच असल्यानं धामण किंवा नाग. कोंबड्यांसाठी आणलेली मोठ्या भोकांची जाळी यांना अडवत नाही, अर्ध्या इंचाची लागते.

"अंडं थंड पडलं, म्हणजे मेलं." हे वाक्य थंड मुलखातलं वाटतं, चंद्रपूरचं नव्हे! थोडे तास गारवा लागला तर आतली वाढ मंदावते, बहुतेक वेळा पुन्हा सुरू होते. उष्णतेला मात्र माफी नाही. अंड्याला हवी असते 37-38 अंशांची ऊब, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या पेटीत तर विचारूच नका. अशा वेळी पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. माझ्या मते एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा चांगला लागेपर्यंत नर-माद्या वेगळ्या ठेवाव्यात. पुढे पिसं झडण्याचा काळ येतो, तेव्हाही घाई नको. वर्षाला चार विणी पुष्कळ झाल्या.

आता सर्वांत महागात पडणारा समज: वांझ अंडी दिसताच काढून फेकायची. अंडी गेली की मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते. हीच खोड एका दुर्मीळ पक्ष्यासाठी वरदान ठरली आहे. ताडोबात बोटेझरीला जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची 10 गिधाडं आणली गेली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. पिंजोरला काही जोड्यांचं पहिलं अंडं काढून यंत्रात उबवलं गेलं, आणि त्याच हंगामात त्यांनी दुसरं घातलं. तिथे एकेका पिल्लाची किंमत आहे, म्हणून हा खटाटोप. कबुतराच्या मादीला मात्र दर वेळी कवचासाठी लागणारा चुना हाडांतून काढावा लागतो. सतत अंडी काढत राहिलात की कवच पातळ होतं, अंडं अडकतं, मादी दगावते. वांझ अंड्यांच्या जागी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची अंडी ठेवा आणि तिला तिचे 18 दिवस बसू द्या. तीच तिची विश्रांती. पिल्लं नको असतील तेव्हाही हाच उपाय. जर्मनीतल्या आउग्सबुर्गसारख्या शहरांत रस्त्यावरच्या कबुतरांची संख्या याच युक्तीनं आटोक्यात ठेवतात.

धानाच्या मुलखात दाणा म्हणजे तांदळाची कणी, एवढंच समीकरण असतं. नुसत्या कणीवर वीण होत नाही. ज्वारी, हरभरा, मूग, मसूर मिसळा. लाखोळी स्वस्त मिळते म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. शिवाय विटेचा चुरा, थोडं मीठ आणि कोंबडीच्या अंड्यांची उकळून वाळवलेली टरफलं वेगळ्या वाटीत हवीत. सकाळचं कोवळं ऊन पेटीपर्यंत पोचायला हवं.

कबुतराचं दूध ही कविकल्पना नाही, पण ते गाईचं दूधही नाही. पिल्लं निघण्याच्या एक-दोन दिवस आधी नर आणि मादी दोघांच्याही गळ्याखालच्या अन्नपिशवीचं अस्तर दह्यासारखं सुटू लागतं. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, दुधातली साखर नाही. पहिले चार-पाच दिवस पिल्लू फक्त यावर जगतं. त्यामुळे एका जोडीची अंडी दुसरीखाली ठेवायची तर दोघींच्या तारखा एक-दोन दिवसांच्या आतल्याच असाव्यात, नाहीतर पिल्लू निघेल आणि दूध तयार नसेल. पोरकं झालेलं पिल्लू दिसलं की लोक बोळ्यानं गाईचं दूध पाजतात, त्यानं ते जुलाब होऊन मरतं. आठवडाभराच्या पुढचं असेल तर भिजवलेला, मऊ केलेला, कोमट हरभरा-मूग थोडा थोडा भरवा.

दोन अंड्यांत एक नर, एक मादी, हा नेम नाही. दोन्ही नर निघतात, दोन्ही माद्याही. घरट्यात चार अंडी दिसली तर आनंद करू नका, जोडी म्हणून दोन माद्याच एकत्र राहत असतील. ती अंडी वांझच. आणि पिल्लं अडीच-तीन आठवड्यांची असतानाच मादी पुढची अंडी घालते. तेव्हा पेटीत दुसरं मातीचं पसरट भांडं तयार ठेवा, नाहीतर मोठी पिल्लं नवी अंडी तुडवतात.

हे सगळं पाळीव कबुतरापुरतं. आपल्या जंगलातला हरियाल, म्हणजे राज्यपक्षी, हाही कबुतराच्याच कुळातला. मार्च ते जूनच्या सुमारास तो विरळ काड्यांच्या घरट्यात दोन पांढरी अंडी घालतो. तो जमिनीवर पाय ठेवत नाही असं सांगतात. उतरतो क्वचित, पण पाण्यासाठी उतरतो. वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगणारा हा पक्षी घरच्या दाण्यावर टिकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर पेटीत ठेवू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.