अनलॉक्ड फोनची उरलेली कुलुपं

जून-जुलै आला की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या बॅगा भरायला लागतात. कपडे, मसाले, औषधं, कागदपत्रं यांच्या याद्या होतात आणि त्यांत एक प्रश्न हटकून येतो: फोन इथूनच न्यायचा की तिकडे गेल्यावर घ्यायचा? त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही असतो: इतकी वर्षं अँड्रॉइड वापरलं, आता आयफोन घ्यावा का? पहिल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं, ‘अनलॉक्ड घे, म्हणजे कुठेही चालेल.’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. अनलॉक्ड फोन एका मोबाइल कंपनीच्या सिमला बांधलेला नसतो, एवढंच त्यातून कळतं. तो ज्या देशासाठी बनवला त्या देशाच्या नेटवर्कशी बांधलेला असू शकतो आणि ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात तर आपला सगळा डिजिटल संसार अडकलेला असतो. म्हणून परदेशी जाणाऱ्याने कॅमेरा आणि किंमत यांच्या आधी एक गोष्ट तपासावी: हा फोन, ही कंपनी किंवा ही प्रणाली उद्या सोडायची ठरवली, तर ती किती सहज सोडता येईल?

सिमचं कुलूप भारतीय ग्राहकाला फारसं ठाऊक नाही, कारण आपला बाजार प्रीपेडवर वाढला. फोन एका दुकानातून घ्यायचा, सिम दुसरीकडून, आणि पटलं नाही तर सिम बदलायचं, ही आपली रीत. २०१७ साली आलेला जिओफोन फक्त जिओच्याच सिमवर चालायचा, पण असे फोन इथे अपवादच राहिले. अमेरिकेत उलट घडलं. तिथे मोबाइल कंपन्यांनी दोन वर्षांच्या कराराच्या बदल्यात फोन स्वस्तात द्यायचा आणि ग्राहक निसटू नये म्हणून फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूप घालायचं, असा व्यवहार रुळला. २००७ साली आलेला पहिला आयफोन तिथे एटी अँड टी या एकाच कंपनीकडे मिळे, आणि व्हेरायझनच्या ग्राहकांना आयफोनसाठी २०११ पर्यंत थांबावं लागलं. २००८ साली आयफोन थ्रीजी अमेरिकेत करारासह १९९ डॉलरला मिळत होता, तर भारतात त्याची किंमत ३१,००० रुपये होती. हा फरक पाहून इथे नाराजी पसरली. पण अमेरिकी ग्राहक उरलेली रक्कम दर महिन्याच्या बिलातून फेडत होता आणि वर दोन वर्षं त्या कंपनीशी जखडलेला होता, हे किमतीच्या आकड्यात दिसत नव्हतं.

हे कुलूप लोकांनी आवाज उठवल्यावरच सैल झालं. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन अनलॉक करणं कॉपीराइट कायद्याचा भंग ठरू लागलं. पैसे भरून घेतलेल्या वस्तूचं कुलूप उघडणं हा गुन्हा कसा, असं विचारणाऱ्या याचिकेवर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अनलॉक करण्याची मुभा परत देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केली. कॅनडात २०१६ या एका वर्षात कंपन्यांनी फोन अनलॉक करून देण्याच्या शुल्कापोटी ३ कोटी ७० लाखांहून अधिक कॅनडियन डॉलर गोळा केले होते. तिथल्या नियामकाने १ डिसेंबर २०१७ पासून प्रत्येक नवा फोन अनलॉक्डच विकला पाहिजे, असा नियम केला. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाला पाहणीत आढळलं, की कंपनी बदलायचा विचार सोडून देणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक फोन अनलॉक करण्याच्या कटकटीमुळे मागे फिरले होते. डिसेंबर २०२१ पासून तिथेही लॉक केलेले फोन विकायला बंदी आली. अमेरिकेत मात्र कंपनीच्या दुकानातून हप्त्यावर घेतलेला फोन आजही बहुधा लॉक केलेला असतो आणि हप्ते फिटल्याशिवाय तो सहसा उघडून मिळत नाही. तिकडे जाणाऱ्याने हे जाण्याआधीच माहीत करून घ्यायला हवं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्याला लॉक केलेला फोन निदान परवडतो. कुलूप काढलं तर हप्ते बुडवणारे वाढतील, चोऱ्या वाढतील आणि कंपन्या सवलती बंद करतील, असं म्हटलं जातं. विद्यार्थ्यासाठी पैशाचा प्रश्न खराच असतो. पण ब्रिटन आणि कॅनडा या दोन्ही देशांत बंदीनंतरही हप्त्यावर फोन मिळतातच. कर्जवसुलीसाठी करार असतो. चोरीच्या फोनसाठी त्याचा आयएमईआय क्रमांक काळ्या यादीत टाकण्याची सोय असते आणि भारतातही ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरून हरवलेला फोन असाच बंद करता येतो. शिवाय कुलपाचा खर्च सर्वांत जास्त सोसावा लागतो तो सतत देश ओलांडणाऱ्याला. सुट्टीत घरी आल्यावर इथलं सिम चालत नाही आणि तिसऱ्या देशात स्वस्त सिम घेता येत नाही. ई-सिममुळे ही अडचण संपली असं कुणी म्हणेल, पण लॉक केलेला फोन दुसऱ्या कंपनीचं ई-सिमही नाकारतो.

आता दुसरं कुलूप. ते कुणी मुद्दाम घातलेलं नसतं, म्हणून सहज नजरेतून सुटतं. प्रत्येक देशात मोबाइल सेवा वेगवेगळ्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, चालते. अमेरिकेत टी-मोबाइल कंपनी दूरवरच्या भागांसाठी आणि इमारतींच्या आत सिग्नल पोहोचावा म्हणून ६०० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरते. भारतात त्या वापरात नाहीत, त्यामुळे भारतासाठी बनवलेल्या अनेक फोनांत तो बँड नसतो. असा फोन तिथे मोठ्या शहरात व्यवस्थित चालेल, पण तळघरातल्या प्रयोगशाळेत किंवा महामार्गावर मुका होईल. त्यापुढचा प्रश्न कॉलचा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. तेव्हापासून साधा कॉलसुद्धा फोरजीवरून, व्होल्टी पद्धतीने जातो, आणि ती सोय त्या कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेली असावी लागते. एटी अँड टीने तर चालणाऱ्या फोनांची यादीच जाहीर केली. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी बंद झालं आणि ज्या फोनवरून आणीबाणीचा ००० हा क्रमांक फोरजीवर लागू शकत नाही त्याला सेवाच देऊ नये, असा नियम झाला. त्यात परदेशात घेतलेले, एरवी उत्तम चालणारे, पूर्णपणे अनलॉक्ड फोनही अडकले. संकटात मदत मागता यावी हा त्या नियमामागचा हेतू योग्यच आहे. पण ‘अनलॉक्ड म्हणजे कुठेही चालेल’ ही समजूत किती अपुरी आहे, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

काही बंधनं तर फोन कुठे विकला गेला यावरून ठरतात. सॅमसंगचे अनेक फोन ज्या प्रदेशासाठी विकले जातात, तिथल्या सिमवर आधी सुरू करून थोडं बोलून घ्यावं लागतं, तेव्हाच ते इतरत्र चालतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत २०२२ च्या आयफोन १४ पासून सिम घालायची जागाच नाही, तर चीनच्या मुख्य भूमीवर विकले गेलेले बहुतेक आयफोन दोन प्लास्टिकच्या सिमांचे असतात. संयुक्त अरब अमिरातीत घेतलेल्या आयफोनवर फेसटाइम ही ॲपलची व्हिडिओ कॉलची सोय नसते. दुबईहून फोन मागवणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. एकाच नावाचा, एकाच रंगाचा फोन देशागणिक वेगळा असतो. म्हणून खोक्यावरचा मॉडेल क्रमांक पाहून, ज्या देशात जायचं तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो तपासणं हा खरेदीचाच भाग मानला पाहिजे. वापरलेला फोन घेत असाल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि मग ‘अबाउट’ उघडावं. तिथे ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असेल तरच पैसे द्यावेत.

तिसरं कुलूप प्रणालीचं, आणि ते सर्वांत पक्कं. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाताना फोन नंबर, संपर्क आणि फोटो बऱ्यापैकी सहज सोबत येतात. ॲपलने २०१५ मध्ये ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप अँड्रॉइडसाठी काढलं आणि २०२१ पासून आयक्लाउडमधले फोटो थेट गूगल फोटोजमध्ये पाठवता येतात. पण व्हॉट्सॲपचा जुना संवाद एका प्रणालीतून दुसरीत नेण्याची अधिकृत सोय २०२१ पर्यंत नव्हतीच. त्या वर्षी ती आधी आयफोनकडून सॅमसंगकडे जाणाऱ्यांना मिळाली आणि उलट दिशेने २०२२ मध्ये. तीही सुरुवातीला नवा किंवा पूर्ण रिकामा केलेला आयफोन असेल तरच. विकत घेतलेली ॲप पुन्हा विकत घ्यावी लागतात. बँकेचं आणि यूपीआयचं ॲप नव्या फोनवर सुरू करताना नोंदवलेल्या भारतीय नंबरवरून एसएमएस जावा लागतो. परदेशात रोमिंग बंद असलेल्या सिमवरून हे होत नाही आणि घरून आलेले पैसे हाताशी असूनही वापरता येत नाहीत. २०२३ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि आखातातल्या काही देशांचे नंबर अनिवासी भारतीयांच्या खात्याला यूपीआयसाठी जोडता येऊ लागले, पण नुकत्याच निघालेल्या विद्यार्थ्याचं खातं तसं झालेलं नसतं. म्हणून प्रणाली बदलायचीच असेल तर ती निघण्याच्या निदान महिनाभर आधी, इथे असतानाच बदलावी. देश आणि प्रणाली एकाच वेळी बदलू नये.

हे कुलूप केवळ तांत्रिक अडचणीतून झालेलं नाही. एपिक या गेम कंपनीने ॲपलविरुद्ध लढवलेल्या खटल्यात २०२१ मध्ये ॲपलमधले अंतर्गत ईमेल उघड झाले. आयमेसेज ही ॲपलची संदेशसेवा अँड्रॉइडवर दिली तर आयफोन वापरणारी कुटुंबं मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, आणि त्यातून आपलं भलं होण्याऐवजी नुकसानच होईल, अशा आशयाचा विचार वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्यांत मांडला होता. ग्राहक बाहेर जाऊ नये यासाठी भिंत जपायची, हा उघड हिशेब होता. गूगलही यापासून अलिप्त नाही. अँड्रॉइडवरच्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या कंपनीला १,३३७ कोटी रुपयांचा दंड केला. इथे कुणी म्हणेल, की एकाच कंपनीची सगळी साधनं एकमेकांशी जुळलेली असल्यानेच सुरक्षितता आणि सोय मिळते, आणि बहुतेकांना फोन सोडायचाच नसतो. सोय खरी आहे, आणि ती विचारपूर्वक निवडण्यात गैर काही नाही. पण सोयीमुळे थांबणं वेगळं आणि निघताना सगळं मागे टाकावं लागेल म्हणून थांबणं वेगळं. पहिल्यात कंपनीला दरवर्षी चांगलं काम करून दाखवावं लागतं, दुसऱ्यात तशी गरज उरत नाही.

ही भिंत उभी आहे तोवर ग्राहकाला स्वतःची काळजी घेता येते. कंपनी आणि प्रणाली कोणतीही असो, पूर्ण पैसे देऊन दोन सिमांचा अनलॉक्ड फोन घ्यावा. भारतीय सिम चालू ठेवून त्यावर रोमिंग सुरू करून घ्यावं, म्हणजे ओटीपी येत राहतील. फोटो, नोंदी आणि पासवर्ड दोन्ही प्रणालींवर चालणाऱ्या सेवांमध्ये ठेवावेत. अशी तयारी असलेल्याला कुठलाच फोन बांधून ठेवू शकत नाही.

तरीही सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणं न्यायाचं नाही. जानेवारी २०११ पर्यंत आपल्या देशात मोबाइल कंपनी बदलली की नंबर गमवावा लागे. नंबर पोर्टेबिलिटी देशभर आली आणि तो नंबर आपला झाला. कंपन्या त्यामुळे बुडाल्या नाहीत. आपल्या माहितीबाबतही हेच व्हायला हवं. युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर ग्राहकाला त्याची माहिती दुसरीकडे नेऊ देण्याचं बंधन घातलं आहे. भारताच्या २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकातही असा हक्क होता, पण २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यातून तो गळला. फोन अनलॉक करण्याचा हक्क अमेरिकेत लाखभर सह्यांनी परत मिळवला. ज्या देशातून दरवर्षी लाखो तरुण परदेशी जातात आणि कोट्यवधी लोकांचे बँक व्यवहार फोनवर चालतात, त्या देशाने गाळलेला हा हक्क कायद्यात परत आणला पाहिजे, आणि ती मागणी फोन वापरणाऱ्या प्रत्येकाने करायला हवी.