चपात्या गुंडाळायचा फॉइल, चुंबक आणि प्लास्टिकचा कागद. यातून घरीच बनतो सपाट स्पीकर, पण आधी हे समजून घ्या

कोल्हापूर : गणपती जवळ आले की गावोगावी साऊंडची चर्चा सुरू होते. कुणाची डॉल्बी मोठी, कुणाचे बेस जास्त, यावर पोरं तासन्‌तास बोलतात. पण स्पीकर आतून चालतो कसा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते समजून घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे एक स्पीकर स्वतः बनवणं. ना कोन, ना खोकं. फोटोच्या फ्रेमसारखा सपाट दिसणारा हा स्पीकर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा घरात भजन-कीर्तन ऐकण्यासाठी चांगला आहे. मिरवणुकीसाठी मात्र त्याचा उपयोग नाही. तो कसा चालतो, कसा बनवायचा आणि काय सांभाळायचं, ते पाहू.

नेहमीचा स्पीकर आणि हा स्पीकर

आपल्याकडच्या साध्या स्पीकरमध्ये मागे गोल चुंबक, त्यात तांब्याची कॉइल आणि कॉइलला चिकटवलेला कागदी कोन असतो. कॉइलमधून करंट गेला की ती मागे-पुढे हलते, सोबत कोन हलतो आणि हवा हलून आवाज होतो. ही पद्धत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये मांडली. आजही बहुतेक स्पीकर तसेच बनतात.

सपाट स्पीकरमध्ये कॉइल गुंडाळलेली नसते, ती पातळ पडद्यावर पसरून चिकटवलेली असते. पडद्याच्या मागे चुंबकांच्या रांगा असतात. करंट गेला की सगळा पडदाच हलतो. पडदा अगदी हलका असल्याने टाळ, चिपळ्या, बासरी, माणसाच्या बोलण्यातले बारीक शब्द स्वच्छ ऐकू येतात. अमेरिकेतल्याच जिम वायनी या इंजिनिअरने अशा स्पीकरसाठी १९६९ मध्ये मॅग्नेपॅन ही कंपनी काढली. जपानच्या यामाहाने १९७६ मध्ये याच तत्त्वावरचा हेडफोन बाजारात आणला. आज 'प्लॅनर मॅग्नेटिक' नावाने जे महागडे हेडफोन मिळतात, त्यांच्यातही हेच असतं.

सामान काय लागतं?

– जाळीचा लोखंडी पत्रा, सुमारे ३० बाय २० सेंटिमीटर. छिद्रं हवीतच, नाहीतर मागची हवा कोंडते.
– १० मिलिमीटर रुंदीचे पट्टी चुंबक. दोन्ही ध्रुव चपट्या बाजूंना असलेलेच घ्या. ११ रांगा लागतात. खर्चाचा मोठा वाटा यांचाच.
– पुष्पगुच्छ गुंडाळायचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद.
– स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल.
– लाकडी चौकट, गम, दोन नट-बोल्ट आणि वायसर.

चुंबकांची मांडणी

सगळे चुंबक आधी एकावर एक चिकटवून थप्पी करा. थप्पीत सगळ्यांचा एकच ध्रुव वर येतो. एकेक काढताना वरच्या बाजूला मार्करने खूण करा. पहिल्या रांगेत खूण वर, दुसऱ्या रांगेत खूण खाली, तिसऱ्या रांगेत परत वर, असं पत्र्यावर लावत जा. दोन रांगांत ८ मिलिमीटर फट ठेवा. अशा उलटसुलट रांगा एकमेकींना ओढतात, म्हणून फटीत लाकडाच्या पट्ट्या बसवा. त्या चुंबकांपेक्षा उंच नकोत आणि पत्र्याची छिद्रं पूर्ण बुजू देऊ नका.

पडदा आणि फॉइलची पट्टी

प्लास्टिकचा कागद चौकटीवर ताणून चिकटवा. ताण किती, हे हलगी वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. हलगी शेकून चामडं ताणलं की आवाज चढतो, सैल पडलं की बसतो. इथंही तसंच. फार ताणला तर खालचे सूर जातात, सैल सोडला तर पडदा चुंबकाला लागून फडफडतो.

फॉइलची २ मिलिमीटर रुंद, सुमारे सव्वातीन मीटर लांब सलग पट्टी कापा. ती पडद्यावर नांगराच्या तासासारखी चिकटवायची. एका फटीवरून जायचं, टोकाला घडी घालून वळायचं आणि शेजारच्या फटीवरून परत यायचं. ११ रांगांच्या मधल्या १० फटींवर १० तासं होतात.

पट्टी फटीवरच का? कारण तिथं चुंबकाचा जोर आडवा, एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे असतो आणि त्यामुळेच पडदा पुढे-मागे ढकलला जातो. शेजारच्या फटीत हा जोर उलट दिशेचा असतो, पण तिथं पट्टी वळून आल्याने करंटही उलटा असतो. म्हणून सगळी तासं पडद्याला एकाच बाजूला ढकलतात. एखादी रांग उलटी लागली, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या फटींत सारखे ध्रुव समोरासमोर येऊन आडवा जोर जवळजवळ उरत नाही, तिथली तासं ढकलतच नाहीत आणि आवाज पडतो. आवाज बारीक येत असेल तर आधी खुणा तपासा.

पडदा आणि चुंबकांत २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवा. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. म्हणून पट्टीची दोन्ही टोकं चौकटीवर नट-बोल्ट आणि वायसरमध्ये दाबा आणि तिथून वायर काढा.

फॉइलऐवजी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली बारीक तांब्याची तारही चालते. पण तांबं जड असल्याने पडद्यावर वजन वाढतं आणि वरचे सूर मंदावतात.

मशीनला जोडण्याआधी मीटर लावा

ही पायरी चुकवू नका. फॉइल ११ मायक्रॉन जाडीचा धरला, तर या पट्टीचा रेझिस्टन्स ४ ओहमच्या आसपास येतो. फॉइल जाड असेल तर तो कमी भरतो. मल्टिमीटरवर मोजा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे किमान किती ओहम लिहिलेत ते पाहा. त्यापेक्षा कमी भरला तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. मग पट्टी अरुंद कापून परत करा. सगळं बरोबर असेल तर पेन्सिल सेल क्षणभर लावून बघा. पडद्यातून 'टक' असा आवाज आला म्हणजे काम झालं.

पट्टी पातळ आहे, म्हणून चार-पाच वॅटपेक्षा जास्त देऊ नका. पट्टी तापली की प्लास्टिक आकसतं.

ढोल यातून का वाजत नाही?

याला खोकं नसल्याने आवाज पुढून निघतो तसा मागूनही निघतो. पडदा पुढे जाताना पुढची हवा दाबली जाते, त्याच वेळी मागची सैल होते. ढोलासारख्या खालच्या सुरांत या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींना मारतात. १०० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे एक फुटाची चौकट काहीच नाही. म्हणून बासचा नॉब खाली ठेवा आणि बाससाठी शेजारी दुसरा साधा स्पीकर वापरा. चौकट मोठ्या प्लायवूडच्या मधोमध बसवली तर थोडा फरक पडतो. भिंतीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा.

हे सांभाळा

लहान मुलांच्या हाताला चुंबक लागू देऊ नका. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या आरपार एकमेकांना ओढतात, आतड्याला भोक पडून जिवावर बेतू शकतं. मुलाने गिळल्याचा संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठा. छातीत पेसमेकर असलेल्यांनी चुंबकांपासून लांब राहावं. ताकदीच्या चुंबकांत बोटं चिमटतात, एटीएम कार्डही बिघडू शकतं.

स्पीकर घरचा असो की भाड्याचा, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना सारखेच. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला सरकार ठरावीक दिवस १२ वाजेपर्यंत सूट देतं, तेवढीच.

मोठ्या साऊंडला आपण डॉल्बी म्हणतो, पण रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये काढलेली कंपनी ओळखली गेली ती टेपच्या आवाजातली खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. गोंगाट घटवणाऱ्याचं नाव आपल्याकडे गोंगाटालाच चिकटलं. हा सपाट स्पीकर दणका देणार नाही, पण अभंगातला शब्द न्‌ शब्द ऐकवेल. शाळेतल्या पोरांनी बनवायचा तर चुंबक लावताना आणि मीटर बघताना शिक्षक किंवा गावातला इलेक्ट्रिशियन सोबत असू द्या.