'नजरअंदाज' म्हणजे दुर्लक्ष नव्हे! इंग्रजांचा अंगठा, वैमानिकाची पँट आणि आपलं अंदाजपंचे

सप्टेंबर संपत आला की यवतमाळच्या बातम्यांमध्ये एक शब्द हमखास दिसतो, 'नजरअंदाज पैसेवारी'. यवतमाळ शहराला खेटून असलेलं लोहारा असो की पार उमरखेडकडचं एखादं खेडं, जिल्ह्यातल्या दोन हजारांवर गावांचा आकडा त्या बातमीमागे असतो. हिंदी सिनेमे बघून वाढलेल्या कानाला मात्र हा शब्द खटकतो. नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं ना? मग सरकार हे स्वतःच जाहीर कशाला करेल?

तर तसं नाहीये. मराठी महसुली भाषेत नजरअंदाज म्हणजे नजरेने बांधलेला अंदाज. शेताच्या बांधावर उभं राहायचं, पीक बघायचं आणि किती पिकेल ते सांगायचं. इंग्रज माणूस याला 'आयबॉल इट' म्हणेल, म्हणजे फूटपट्टी न लावता नुसत्या बुबुळाने मोजणं.

मोजमाप किंवा तयारी न करता, आतून जे वाटेल त्यावर काम करण्यासाठी इंग्रजीत असे बरेच वाक्प्रचार आहेत. शब्दाला शब्द लावून मराठी केलं की त्यांचा पार विचका होतो. 'प्ले इट बाय इअर'चं 'कानाने वाजवा' असं भाषांतर वाचून कुणाला काय कळणार? पण मूळ बघितलं तर ते आपल्या ओळखीचंच आहे. भजनी मंडळातला पेटीवाला समोर नोटेशन ठेवून बसत नाही. बुवांनी सूर लावला की त्याची बोटं आपोआप तिथे जातात. कागद न बघता, नुसतं ऐकून वाजवायचं. त्यावरून अर्थ आला, आधीपासून काही ठरवू नका, जसं घडेल तसं बघू.

'विंग इट' तर मराठी नाटकवाल्यांना समजावूनही सांगायला नको. विंग म्हणजे आपल्या रंगमंचाची तीच विंग. पाठांतर कच्चं असलेला नट प्रवेशाच्या आधी विंगेत उभा राहून घाईघाईने संवाद वाचायचा, नाहीतर विंगेतून येणाऱ्या प्रॉम्प्टिंगवर भागवायचा. आपण याला वेळ मारून नेणं म्हणतो.

'रूल ऑफ थंब'बद्दल एक किस्सा सोशल मीडियावर सारखा फिरतो. इंग्लंडमध्ये म्हणे नवऱ्याला अंगठ्याइतक्या जाड काठीने बायकोला मारायची कायद्याने मुभा होती, त्यावरून हा शब्द आला. ऐकायला भारी वाटतं, पण खोटं आहे. असा कायदा कुणालाही सापडलेला नाही. १७८२ मध्ये सर फ्रान्सिस बुलर नावाच्या न्यायाधीशाने असं मत दिल्याची वदंता पसरली, त्याच्यावर व्यंगचित्रंही निघाली. पण हा वाक्प्रचार त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून छापील इंग्रजीत आहे. बहुधा तो साध्या मोजमापातून आला. फ्रेंच भाषेत आजही अंगठा आणि इंच यांना एकच शब्द आहे, 'पूस'. आपल्याकडेही वीत आणि हात ही मापंच होती, आणि भातात किती पाणी घालायचं हे अजूनही बोटाच्या पेरावर ठरतं. रूल ऑफ थंबला मराठीत नेमका शब्द आहे, ठोकताळा. ताळा म्हणजे गणित बरोबर आलं का ते तपासणं आणि ठोक म्हणजे ढोबळ, घाऊक.

सगळ्यात मजेशीर आहे तो 'फ्लाय बाय द सीट ऑफ युअर पँट्स', म्हणजे पँटच्या बुडाने विमान उडवणं. सुरुवातीच्या विमानांत उपकरणं मोजकीच असायची. विमान कलतंय की घसरतंय हे वैमानिकाला सीटवर टेकलेल्या बुडाखालीच जाणवायचं. १९३८ च्या जुलैमध्ये डग्लस कॉरिगन हा अमेरिकन वैमानिक न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला जातो म्हणून निघाला आणि सुमारे २८ तासांनी आयर्लंडमध्ये उतरला! अटलांटिक ओलांडायची परवानगी त्याला आधी नाकारलेली होती. त्यामुळे 'कंपास वाचायला चुकलो' हे त्याचं म्हणणं फारसं कुणाला पटलं नाही, पण तो शेवटपर्यंत तेच सांगत राहिला. त्या वेळच्या अमेरिकी वर्तमानपत्रांत हा वाक्प्रचार त्याच्या नावासोबत झळकला. आणखी एक गोष्ट. ढगात शिरल्यावर, बाहेरचं काही दिसेनासं झालं की हेच बूड आणि कान वैमानिकाला दगा देतात. विमान वळत असताना ते सरळ चाललंय असं वाटतं. म्हणूनच आजच्या वैमानिकाला ढगात उपकरणांवर भरवसा ठेवायला शिकवतात.

आपलं 'अंदाजपंचे दाहोदरसे' यापुढे अजिबात कमी नाही. दाहोदरसे म्हणजे एकशे दहा. जुन्या पाढ्यांत 'बावीस पंचे दाहोदरसे' असं म्हणत. बावीस आठवेना म्हणून कुणीतरी तिथे 'अंदाज' घुसवला, असं सांगतात. उत्तर मात्र बरोबर!

शेतीत उत्तर इतकं सहज जुळत नाही. पैसेवारीचा हिशेब असा. गावात त्या पिकाचं जे प्रमाण उत्पन्न धरलंय ते १०० पैसे. त्याच्या निम्मं पिकलं तर ५० पैसे. आणे चालायचे तेव्हा हीच आणेवारी होती. अमरावती विभागात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर जाहीर होते. अंतिम आकड्यासाठी शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखून पीक प्रत्यक्ष काढतात आणि तोलतात. आकडा ५० पैशांच्या खाली आला तर जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ अशा गोष्टींचा मार्ग मोकळा होतो. ५१ आला तर नाही.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात अडचण अशी की नजरेला दिसतं ते फक्त बाहेरचं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. ही अळी लहानपणीच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. बांधावरून पाहणाऱ्याला झाड हिरवंगार आणि बोंडांनी लगडलेलं दिसतं. आतली सरकी खाल्लेली असते, हे बोंड फोडल्याशिवाय समजत नाही. आणि सप्टेंबरात कपाशीची बरीचशी वेचणी व्हायचीच असते.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ हे निकष पुढे आले आणि पैसेवारीचं वजन कमी झालं. उपग्रहालाही वरून हिरवळच दिसते, बोंडाच्या आतलं नाही. नजरअंदाज पैसेवारी मात्र अजूनही जाहीर होते आणि शेतकऱ्याची पहिली नजर त्यात ५० च्या आकड्यावर जाते.