मित्र नावाचा तारा

मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाला नेवासे किंवा पारनेरच्या एखाद्या उघड्या माळावर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजावर धूळ नसेल, तर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतील. हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवली, तर मुठीच्या वरच्या कडेला लागतील इतके खाली. उजवीकडचा मित्रक. डावीकडचा, जास्त तेजस्वी, तो मित्र. दिल्लीहून हा मित्र जवळजवळ दिसतच नाही, लंडनहून तर कधीच नाही. नगर जिल्ह्यातल्या माणसाला मात्र तो उन्हाळ्यात काही आठवडे भेटून जातो.

सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यांत जवळची तारकांची वस्ती हीच. दिसतो एक, पण आहेत तीन. दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. तिसरा इतका मंद, की तो सापडायला १९१५ साल उजाडावं लागलं. तिथून निघालेला प्रकाश चार वर्षांहून थोडा जास्त प्रवास करून आपल्या डोळ्यांत शिरतो. आज दिसलेला किरण निघाला, तेव्हा नुकतंच बालवाडीत जाऊ लागलेलं पोर जन्मलेलंही नव्हतं.

या मित्राच्या अंगणातून शत्रू येतो, अशी एक चिनी कादंबरी आहे. ल्यू त्सिशिन हा तिचा लेखक, तेव्हा शान्शी प्रांतातल्या वीजकेंद्रात नोकरी करणारा इंजिनिअर. ‘सान ती’, म्हणजे ‘तीन पिंड’, या नावाने ती २००६ साली मासिकात क्रमशः आली, २००८ साली पुस्तकरूपात निघाली आणि पुढच्या दोन खंडांसह २०१० साली पूर्ण झाली. २०१५ साली तिच्या पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कादंबरी विज्ञानाची असली तरी तिच्या मुळाशी इतिहासाची जखम आहे. १९६७ साल, सांस्कृतिक क्रांती ऐन भरात. ये वेन्च्ये या तरुण मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक वडिलांना भर सभेत मरेपर्यंत मारतात. पुढे तीच मुलगी डोंगरावरच्या एका गुप्त अँटेना केंद्रात पोचते, आकाशात संदेश सोडते आणि आठ वर्षांनी उत्तर मिळवते: उत्तर देऊ नका. पलीकडचा एक श्रोता जीव तोडून सांगतो, की पुन्हा बोललात तर तुमचा पत्ता लागेल. माणसांवरचा विश्वास उडालेली ही बाई तरीही बटण दाबते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खोडद गाव आठवलं. नगर-कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर मागे टाकून जुन्नर तालुक्यात शिरलं, की नारायणगावच्या बाजूला शेतांमधून पांढऱ्या जाळीदार थाळ्या डोकं वर काढतात. एकेक ४५ मीटर रुंद, अशा ३०. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. तारांच्या विरळ जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी. आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण तुमच्या खिशातला फोनही दूरच्या आकाशगंगेपेक्षा किती तरी मोठ्याने ओरडतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरताना कोसळलेल्या स्कियापारेली यानाचा क्षीण संदेश या थाळ्यांनी टिपला होता. पण एक गोष्ट विसरू नका: या थाळ्या फक्त ऐकतात. आकाशाला त्या काहीही सांगत नाहीत. कादंबरीतली सगळी भीती ऐकणं आणि बोलणं यांच्यामधल्या फटीत राहते.

ही भीती आपल्या नेहमीच्या भुतांची नाही. नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तिची चाहूल आधीच लागलेली असते. माणसाला मोजतही नसलेलं काहीतरी बाहेर आहे, ही धारपांची धास्ती. ल्यू तिला गणित पुरवतो. दोन संस्कृतींमध्ये चार प्रकाशवर्षं असली, तर ‘तुम्ही भले की बुरे?’ या प्रश्नाचं उत्तर यायला आठ वर्षं लागतात. तेवढ्यात समोरचा किती बदलला असेल, कोण सांगणार? मग विश्व एक काळोखं अरण्य होतं आणि प्रत्येक शिकारी श्वास रोखून उभा. (कादंबरीत शत्रूच्या ग्रहावर तीन सूर्य जो हाहाकार माजवतात, तो मात्र कल्पनेतला. खऱ्या मित्राच्या वस्तीत तिसरा तारा इतका दूर आहे, की पहिल्या दोघांचा संसार शांतपणे चालतो.)

आणि मला सगळ्यांत नवल वाटतं ते याचं, की ज्या अंतरातून ही भीती उपजते, त्याच अंतरातून तिसऱ्या खंडातली प्रीतीही उगवते. युन थ्येनमिंग हा अबोल, मरणपंथाला लागलेला तरुण. हातात अचानक पैसा आल्यावर तो छंग शिन या कॉलेजमधल्या मैत्रिणीसाठी आकाशातला एक तारा विकत घेतो आणि देणाऱ्याचं नावही कळू देत नाही. ‘आवडतेस’ एवढं सांगायला त्याला शतकं लागतात. दोघं अंतराळाच्या दोन टोकांवरून बोलतात तेव्हा शत्रू ऐकत असतो, म्हणून तो तिला परीकथा सांगतो आणि सांगायचं ते त्यात लपवतो. शेवटी भेट हाताच्या अंतरावर येते आणि चुकते. काळ असा उलटतो, की तिच्या काही दिवसांत त्याच्या जगात कोटीहून अधिक वर्षं सरतात. तिला सापडतात ती फक्त खडकात कोरलेली अक्षरं. कागद, चुंबक, काच सगळं विरतं. दगडात कोरलेलं सर्वांत जास्त टिकतं, हा निष्कर्ष कादंबरीत शास्त्रज्ञही काढतात.

ते पान मिटलं आणि मी नेवाशात पोचलो, पैस खांबापाशी. ज्ञानेश्वरांनी १२९० साली याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. लोक डोकं टेकवतात आणि निघतात. खांबावरच्या संस्कृत शिलालेखाकडे फार कोणी पाहत नाही. त्यात ना युद्ध आहे, ना राजाची बढाई. करवीरेश्वराला नमन आहे आणि अखंड दिव्याच्या तेलासाठी महिन्याला सहा रूपकांचं दान आहे, आजोबांनी दिलेलं, कायमचं. पुढच्यांनी ते पाळावं, एवढंच मागणं.

त्या दिवशी अंधार पडल्यावर मी प्रवरेच्या काठावर दक्षिणेकडे बघत थांबलो. मित्र उगवला होता, मुठीएवढ्या उंचीवर, थोडा लुकलुकत.