पहिला लॅपटॉप घेताना आणि घरी आणल्यावर

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दहावी-बारावीचे निकाल लागले की गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांच्या हातात लागण नोंदीच्या अर्जाबरोबर आणखी एक कागद दिसू लागतो. दुकानदाराने लिहून दिलेले लॅपटॉपचे कोटेशन. "साहेब, पोरगं डिप्लोमाला लागलंय, हे मशीन घेऊ का?" हा प्रश्न आता "यंदा कुठली जात लावू?" या प्रश्नाइतकाच नेहमीचा झाला आहे. आम्ही शिकलो बेणे, माती आणि खत. परंतु आमच्या विभागाची ऊस नोंद वहीवरून मशीनवर आली तेव्हापासून हे मशीन घेणे, लावणे आणि त्याचे बिघडणे आम्ही जवळून पाहात आलो आहोत. शिवाय पुष्कळ घरांत ऊसबिलाच्या एका हप्त्यातील मोठी रक्कम या एका वस्तूत जाते. तेव्हा या अंकात खत-पाणी बाजूला ठेवून या विषयावर लिहीत आहोत.

काम आधी, मशीन मग

विहिरीवर मोटार बसवताना आपण पाण्याची खोली पाहतो, पाइपलाइनची लांबी पाहतो, मग अश्वशक्ती ठरवतो. शेजाऱ्याने साडेसातची बसवली म्हणून आपणही बसवत नाही. लॅपटॉपचे तसेच आहे. घरात नुसते सातबारा पाहणे, ऊसबिल जमा झाले का ते बघणे एवढेच काम असेल तर मोबाईल पुरेसा आहे, लॅपटॉप घेऊच नये. महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरणे, कागद जोडणे, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून काढणे, हिशेब ठेवणे, मुलांचा कला-वाणिज्य शाखेचा अभ्यास, एवढ्या कामाला साधे मशीन चालते. मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर, मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर अशा शिक्षणाला असेल तर जरा दमदार मशीन लागते. पण त्यातही घाई नको. कोणते सॉफ्टवेअर वापरावे लागणार हे कॉलेजात विचारून घ्यावे. लाल-हिरवे दिवे लागणारा, दोन किलोच्या वर वजनाचा, बॅटरी लवकर संपणारा खेळाचा लॅपटॉप "इंजिनिअरिंगला हाच लागतो" म्हणून गळ्यात मारलेला आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिला आहे.

आता त्या कोटेशनवरची अक्षरे. त्यातील तीनच गोष्टींवर मशीनचे भले-बुरे ठरते : प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी. प्रोसेसर म्हणजे बैल. एसएसडी म्हणजे कणगी, जिथे सगळे साठवून राहते. आणि रॅम म्हणजे खळे. कणगी कितीही मोठी असो, खळे लहान असेल तर मळणी अडते. माल पसरायलाच जागा नसते. तसेच रॅम कमी असली की चार खिडक्या उघडल्याबरोबर मशीन धापा टाकते. विंडोज ११ ही प्रणाली ४ जीबी रॅमवर चालते असे कंपनी सांगते, पण ते चालणे म्हणजे रखडणे होय. कमीत कमी ८ जीबी घ्यावी. चार-पाच वर्षे मशीन वापरायचे असेल, किंवा इंजिनिअरिंगचा अभ्यास असेल, तर १६ जीबी.

इथे एक गोष्ट दुकानात आवर्जून विचारावी : "रॅम पुढे वाढवता येते का?" हल्ली पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच पक्की जोडलेली असते, ती कधीच वाढत नाही. अशा मशीनमध्ये आज वाचवलेले पैसे उद्या अख्खा लॅपटॉप बदलून भरावे लागतात. एसएसडी मात्र बहुधा बदलता येते, म्हणून पैशाची ओढाताण असेल तर आधी रॅमवर खर्च करावा. एसएसडी ५१२ जीबीची पुष्कळ झाली, हिशेब-कागदांना २५६ सुद्धा पुरते. "ईएमएमसी" असे लिहिले असेल तर ती एसएसडी नव्हे. ती हलकी, मंद वस्तू आहे. ६४ जीबी ईएमएमसी आणि ४ जीबी रॅम असे स्वस्त मशीन कुणी दाखवले तर हात लावू नये. वर्षभरात विंडोजच्या अपडेटलाच त्यात जागा उरत नाही.

प्रोसेसरमध्ये इंटेलचा कोअर आय-३ किंवा एएमडीचा रायझन-३ घरकामाला ठीक, आय-५ किंवा रायझन-५ अभ्यासाला चांगला. अलीकडे इंटेलने नावे बदलून नुसते कोअर ३, कोअर ५, अल्ट्रा अशीही ठेवली आहेत. सेलेरॉन, किंवा क्रमांकाच्या सुरुवातीला एन असलेला प्रोसेसर हा फार हलका बैल आहे, नांगराला जुंपू नये. आणि नुसत्या "आय-५ आहे" या शब्दावर भाळू नये, पिढी पाहावी. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात आय-५ नंतरचे आकडे पिढी सांगतात : ८२५० म्हणजे आठवी, १२३५ म्हणजे बारावी. ज्याला आपण बेण्याचे वय विचारल्याशिवाय बेणे घेत नाही, तसेच हे.

जुना लॅपटॉप घेणारांनी तर ही पिढी डोळ्यांत तेल घालून पाहावी. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे, कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप "आय-७ आहे, रंग बघा कसा" म्हणून स्वस्तात विकले जातात. त्यावर विंडोज ११ जबरदस्तीने चढवून देणारेही आहेत. ते घेऊ नयेत. आठव्या पिढीच्या पुढचे, बॅटरी दोन-अडीच तास तग धरणारे, बिल आणि निदान काही महिन्यांची हमी मिळणारे जुने मशीन मात्र गरजू घराला वाईट नाही. बॅटरी किती टिकते हे दुकानात वायर काढून, अर्धा तास बसून पाहावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

भाव आम्ही इथे छापत नाही. गुळाच्या सौद्यासारखे ते चढ-उतार करतात, आणि अंक आपल्या हाती पडेपर्यंत बदललेले असतात. तीन ठिकाणी विचारावे. पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, "बिल नको असेल तर तेवढे कमी करतो" असे कुणी म्हणाले तर हसून बाहेर पडावे, कारण हमीचे भांडण बिलावरच चालते. खोक्यावरचा अनुक्रमांक, मशीनच्या पाठीवरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे हे तिथेच पाहावे. हप्त्याने घेत असाल तर "बिनव्याजी" शब्दापुढे प्रक्रिया शुल्क किती, हे कागदावर लिहून घ्यावे. कंपनीचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे की थेट पुण्याला पाठवावे लागते, हेही विचारावे. आमच्या मते दोन चांगल्या कंपन्यांत निवड करायची झाली तर ज्याचे सर्व्हिस सेंटर जवळ, ते मशीन घ्यावे.

घरी आणल्यावर

या भागाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि नुकसान इथेच होते. दुकानदार म्हणतो, "सगळं सुरू करून देतो, तुम्ही फक्त घेऊन जा." नको म्हणावे. खोके तपासण्यापुरते उघडावे आणि पहिल्यांदा सुरू करण्याचे काम घरी, ज्याचे मशीन आहे त्याने स्वतः करावे.

कारण असे. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे एक खाते मागते. त्या खात्याने मशीन सुरू झाले की बहुतेक नव्या लॅपटॉपवर आतली सारी साठवण आपोआप कुलूपबंद होते. चोराने एसएसडी काढून नेली तरी त्याला काही वाचता येऊ नये, हा त्यातला हेतू, आणि तो चांगलाच आहे. या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जमा होते. एरवी ती लागत नाही. पण एखादे मोठे अपडेट झाले, किंवा आतील पट्टी बदलली, की मशीन सुरू होताना किल्ली मागू शकते. आमच्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या घरी हेच घडले. खाते दुकानातल्या कामगार मुलाने आपल्याच ईमेलवर काढून दिले होते. तो मुलगा काम सोडून गेलेला, ईमेल कुणाला ठाऊक नाही. मशीन धडधाकट, पण आतले एक अक्षर वाचता येईना. शेवटी सगळे पुसून नव्याने विंडोज घालावे लागले. मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि दोन हंगामांचा तोडणी-वाहतुकीचा हिशेब त्यात गेला.

तेव्हा खाते स्वतःच्या नावाने, घरातल्या कायम चालू राहणाऱ्या मोबाईल नंबरावर काढावे. पासवर्ड वहीत लिहून सातबारा-आठ अ ठेवतो त्या पेटीत ठेवावा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात "डिव्हायसेस"खाली "रिकव्हरी की" असते. ते ४८ आकडेही उतरवून त्याच पेटीत ठेवावेत. आधीच दुकानातून सुरू करून आणले असेल, तर सेटिंगमध्ये "अकाउंट्स" उघडून कुणाचा ईमेल आहे तो आजच पाहावा. परका असेल तर आधी आपल्या कागदांची प्रत बाहेर काढावी आणि मग "रिसेट" करून मशीन आपल्या नावाने नव्याने सुरू करावे.

पहिल्या दिवशी मशीन बराच वेळ अपडेट ओढत बसते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा त्यातच संपतो. शक्य असेल तर ज्यांच्या घरी फायबर आहे अशा पाहुण्यांकडे हे काम उरकावे. नंतर हॉटस्पॉटसाठी "मीटर्ड कनेक्शन" हे बटण चालू ठेवावे, म्हणजे मशीन उगाच डेटा खात नाही. व्हायरसपासून राखण करणारा डिफेंडर विंडोजबरोबरच येतो, घरगुती वापराला तो पुरतो. दुकानातून वेगळा विकत घेण्याची गरज नाही. लिहिण्या-हिशेबाचे "ऑफिस" मशीनबरोबर कायमचे मिळाले आहे की एका वर्षाचे, हे बिल करतानाच विचारावे. कायमचे असेल तर ते आपल्या खात्यावर लगेच नोंदवावे, त्याला मुदत असते. नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळते आणि आपल्या कामाला उत्तम चालते. चोरीचे ऑफिस कुणाकडून टाकून घेऊ नये, त्याबरोबर काय काय आत शिरते ते टाकणाऱ्यालाही माहीत नसते.

मराठी लिहिण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. सेटिंगमध्ये "टाइम अँड लँग्वेज"मध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी. त्यात दोन कळफलक मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करता येते, मोबाईलवर सवय झालेल्यांना सोपे. दुसरा इनस्क्रिप्ट, त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. शिकायला आठ-पंधरा दिवस जातात, पण मुलांनी हाच शिकावा असे आम्ही म्हणू. विंडोजचे बटण दाबून धरून स्पेसबार मारला की भाषा बदलते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला अर्ज दुसऱ्या मशीनवर नुसती खरकटी अक्षरे दाखवतो, या पद्धतीत तसे होत नाही.

वीज ही आपल्याकडची खरी अडचण. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे कमी दाबाने त्याचे बिघडत नाही. भीती जादा दाबाची. न्यूट्रल तुटला की घरातले दिवे एकदम प्रखर होतात, तेव्हा क्षणात वायर काढावी. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला बोर्ड आणि चांगल्या कंपनीचा स्पाइक गार्ड यावर चार पैसे जास्त घालावेत. मोटारीच्या पेटीतून ओढलेल्या वायरवर लॅपटॉप लावणारे बहाद्दरही आम्ही पाहिले आहेत! वळवाचा पाऊस कडाडू लागला की वायर आणि इंटरनेटचा डबा दोन्ही काढून ठेवावेत. मशीन गोधडीवर ठेवून चालवू नये, खालच्या फटी बुजतात आणि ते तापते. बहुतेक कंपन्यांच्या मशीनमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. सारखी वायर लावून काम करणारांनी ती चालू ठेवावी.

एखादे दिवशी पडद्यावर लाल अक्षरात "तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असे येईल. ते सोंग आहे. मायक्रोसॉफ्ट असा नंबर देत नाही. खिडकी बंद होत नसेल तर मशीनच बंद करावे. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे कुठलेही ॲप टाकू नये, मग तो बँकेचे नाव सांगो की कारखान्याचे. कारखाना कुणालाही ओटीपी विचारत नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

सुरुवातीला हिशेबाचा एकच तक्ता करावा : तारीख, गट नंबर, लागण की खोडवा, कशाचा खर्च, किती रुपये. एवढ्या पाच रकान्यांत हंगाम भरत गेले तर खोडवा ठेवायचा की मोडायचा हे सांगायला आमच्याकडे येण्याची गरजही कमी होईल. आणि दर महिन्याला या तक्त्याची आणि मुलांच्या अभ्यासाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. तो पेनड्राइव्ह कपाटात ठेवावा, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे.