‘मला प्राणी आवडतात’ एवढ्यावर भागत नाही, बॉस!

प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं तर आपल्याकडे मुलाखत-बिलाखत भानगड नाही. ‘नीट’चे मार्क, मेरिट लिस्ट, कागदपत्रं... झालं! १८८६ सालच्या मुंबईच्या कॉलेजापासून शिरवळपर्यंत कुठेही कुणी विचारत नाही, की बाई गं, गाईची लाथ खायची तयारी आहे ना? ब्रिटनमध्ये मात्र विचारतात. आणि अगदी खोदून खोदून विचारतात.

हे सगळं मला कळलं ते एका मैत्रिणीमुळे. वय २७, बायोटेकची डिग्री, हिंजवडीत डेटाचं काम, पगार झकास. तिने १५ ऑक्टोबरच्या डेडलाइनआधी तिथल्या चार व्हेट स्कूल्सना अर्ज ठोकले (एका फॉर्मवर या कोर्ससाठी चारच निवडता येतात). एका ठिकाणहून ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं आणि प्रॅक्टिससाठी आयती मी सापडले.

तर फंडा असा. केंब्रिजसारख्या ठिकाणी समोर प्राध्यापक बसून विषयावरच प्रश्न विचारतात. पण बऱ्याच कॉलेजांत असते ‘एमएमआय’, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ही पद्धत मेडिकलच्या प्रवेशासाठी काढली, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. एका लांबलचक मुलाखतीऐवजी पाच-सात मिनिटांची छोटी ‘स्टेशनं’. प्रत्येक ठिकाणी नवा परीक्षक, नवं कोडं. वेळ संपली की पुढे चला! एक स्टेशन बिघडलं तरी पुढच्या परीक्षकाला त्याचा पत्ता नसतो, हे त्यातलं सुख.

एखाद्या स्टेशनवर साधं गणित असतं. कुत्रा २४ किलोचा, डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम, औषध एका मिलीत ५० मिलिग्रॅम, तर किती मिली द्याल? (२.४. पण घड्याळाकडे बघत करून बघा!) कुठे फोटो दाखवून ‘काय दिसतंय’ विचारतात. त्यात फार काही नाही.

खरी गंमत अभिनेत्याला समोर बसवतात तिथे. आमच्याकडे ती भूमिका मी केली. माझ्या लॅब्रॅडॉरच्या पोटात गाठ, ऑपरेशनला पैसे नाहीत, ‘देऊन टाका इंजेक्शन’ म्हणत मी रडायला लागले. मैत्रीण पटकन म्हणाली, ‘मी भरते पैसे!’ आम्ही दोघी खूश. ओळखीतल्या एका व्हेट काकांना सांगितलं तर ते हसले. ‘महिन्यातून असे किती जणांचे भरणार?’ त्यांचं म्हणणं, आधी गप्प बसून ऐक. मग पर्याय सांग: हप्ते, धर्मादाय दवाखाना, निदान वेदना कमी करणारं औषध. आणि शांत मरण देणं हाही डॉक्टरच्या कामाचा भाग आहे, हे चाचरत का होईना, बोलता आलं पाहिजे.

त्याहून अवघड प्रश्न पुढेच होता. मैत्रीण पक्की शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नाही. आणि ब्रिटनमध्ये कत्तलखान्यातही व्हेट असतात. जनावर कापण्याआधी तपासणं, त्याला विनाकारण यातना होत नाहीत ना हे बघणं हे त्यांचं काम. ‘तुम्ही तिथे उभ्या राहाल?’ असं विचारलं तर? दोन रात्री ती यावर अडकली होती. शेवटी तिचं उत्तर ठरलं: ‘मी खात नाही, पण जनावर तिथे जाणारच असेल तर ते भ्यायलेलं असू नये, हे बघायला मी उभी राहीन.’ मला विचाराल तर सगळ्या तयारीत हेच एक वाक्य अस्सल तिचं होतं.

अनुभवाबद्दलही तेच. किती दिवस काम केलं यापेक्षा काय पाहिलं हे महत्त्वाचं. पुण्याबाहेरच्या गोठ्यात तिने तीन रविवार काढले. वासराचा जन्म पाहिलाच. पण लक्षात राहिला तो गाय बरी व्हायच्या आत खर्चाचा हिशेब मांडणारा मालक. हे सांग, म्हटलं.

चालू घडामोडी तर हव्यातच. गाईंमधला टीबी आणि त्यापायी मारले जाणारे बॅजर, अँटिबायोटिक्सना न जुमानणारे जंतू, चपट्या नाकामुळे श्वासासाठी धडपडणारे पग हे तिथले नेहमीचे विषय. पण आपल्याकडचं उदाहरण सोडू नका. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर आपल्याकडे बंदी आली. एका पेशंटला दिलेलं औषध तिथेच थांबत नाही, हे यापेक्षा सोपं करून कसं सांगणार?

मुलाखत झाली. प्रश्न बाहेर फोडायचे नाहीत अशी अट असल्याने ती तोंड उघडत नाही. एका ठिकाणी घसा कोरडा पडला, एवढंच म्हणाली. निकाल यायचाय. तोवर ऑफिसात अप्रेझल सुरू झालंय. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ हा रकाना तिने सध्या रिकामा ठेवलाय.