पोट दिसणारं विमान

तान्ह्या पोळ्याला आपली लेकरं लाकडी नंदी घेऊन दारोदार जातात. नंदी बाहेरून कितीही देखणा असो, आतून तो भरीव लाकूडच असतो, आणि त्यात काही गैर नाही. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे तिचं मात्र उलटं आहे. तिचं बाहेरचं अंग साधं असलं तरी चालेल, पण पोट उघडं दिसलं पाहिजे, आणि पोटातलं प्रत्येक सामान कशासाठी आहे हे करणारीला सांगता आलं पाहिजे. ही वस्तू म्हणजे विमानाची प्रतिकृती.

बचत गटाच्या बायकांना विमान कशाला, असं कोणी म्हणेल. शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की घरोघरी काय होतं ते आठवा. तयार वस्तू दुकानातून येते, पैसे जातात, आणि परीक्षकांनी "हे काय आहे?" विचारलं की पोरगी मान खाली घालते. दुसरंही एक पाहण्यात येतं. तीन-चार मुलांचा गट असला की मोटार, वायर, चाकं पोरांच्या हातात जातात आणि पोरीच्या वाट्याला तक्ता रंगवणं येतं. तिचं अक्षर चांगलं असतं म्हणून, असं सांगतात. मला हे पटत नाही. म्हणून दुपारच्या वेळात मायलेकींनी मिळून करावं असं हे काम सांगते आहे. सुई-दोरा, कात्री आणि टेप हाताळणाऱ्या बाईला यातलं निम्मं आधीच येतं.

आधी विमान कोणतं घ्यायचं ते ठरवू. आपल्या डोक्यावरून जातात ती मोठी जेट विमानं नकोत. त्यांच्या पोटात खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि खरं यंत्र सगळं पत्र्याआड लपलेलं. आपण घेऊ महाराष्ट्रात उतरलेलं एक जुनं, लहान विमान. त्याचं नाव पुस मॉथ, इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा हे विमान घेऊन सकाळी कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी मुंबईत जुहूला पोचले. सोबत प्रवासी नव्हते, होती टपाल, साधारण २५ किलो. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, असं सांगतात. विमानाला बैलगाडीनं पेट्रोल! टाटांच्या या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

हे विमान निवडण्याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. त्याचं धड म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पंख लाकडाचे, आणि या सगळ्यावर चढवलेलं कापड. होय, कापडच. त्या काळी इंग्लंडात विमानाला लिनन वापरत, म्हणजे जवसाच्या झाडापासून निघणाऱ्या धाग्याचं कापड. ज्या जवसाची आपण चटणी करतो, तेच झाड. पहिल्या महायुद्धात लिननची टंचाई पडली तेव्हा अमेरिकेत घट्ट विणीचं सुती कापड विमानाला लावू लागले. पऱ्हाटीच्या ओळीत कंबर वाकवून वेचलेला कापूस आभाळात जाऊ शकतो, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माप. खरं पुस मॉथ नाकापासून शेपटीपर्यंत २५ फूट लांब होतं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ फूट ९ इंच, उंची जवळजवळ ७ फूट. आपण एका फुटाला एक इंच धरायचा. मग लांबी २५ इंच, पंख पावणेसदतीस इंच, उंची सात इंच. शिवणकामाच्या टेपवर हिशेब होतो, गणिताची वही लागत नाही. यालाच प्रमाण म्हणतात, एकास बारा. याच प्रमाणात आजचं एअरबस ए-३२० करायला घेतलं तर ते सव्वादहा फूट होईल, ओसरीतही मावणार नाही.

एकदा प्रमाण ठरलं की मोडायचं नाही. साडेपाच फुटांचा माणूस म्हणजे साडेपाच इंचांची बाहुली. दीड फूट उंचीची खुर्ची म्हणजे दीड इंच. बाजारातली प्लास्टिकची बाहुली आवडली म्हणून बसवली आणि ती आठ इंचांची निघाली, तर आठ फुटांचा राक्षस विमान चालवतोय असं दिसेल. बघणाऱ्याला चूक कुठे आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच जाणवतं.

सांगाड्याला बांबूच्या बारीक कमच्या घ्या, नाहीतर खराट्याच्या जाड काड्या. चार लांब कमच्या शेपटीकडे निमुळत्या होत गेल्या पाहिजेत. समोर जिथे माणसं बसतात तिथे आतली रुंदी अडीच-तीन इंच ठेवा. मधे आडव्या-उभ्या काड्या दोऱ्यानं घट्ट बांधा. आता इथे पोरीला एक प्रयोग करू द्या. चार काड्यांची चौकट बांधून कोपरा दाबायला सांगा, चौकट लगेच तिरपी होते. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी काडी बांधा आणि पुन्हा दाबा. हलत नाही. त्रिकोण मोडत नाही, हे तिला बोटांनी कळेल. विमानाच्या नळ्या अशाच तिरप्या जोडलेल्या असतात, म्हणून हलका सांगाडाही भार घेतो. घराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात तीच युक्ती असते.

यापुढचा क्रम फार महत्त्वाचा आहे. घाई करणाऱ्या बाया आधी बाहेरचं कापड चढवतात आणि मग चिमट्यानं आत खुर्ची ढकलत बसतात. तसं नको. पोट आधी, कातडी नंतर. जमीन, खुर्च्या, दांडा, पायपट्टी, घड्याळांची फळी, दोरे हे सगळं आत बसलं, रंगलं आणि वाळलं की मगच झाकायला घ्यायचं. आणि कोणती बाजू उघडी ठेवायची ते पहिल्याच दिवशी ठरवायचं. मी म्हणेन डावी बाजू पूर्ण उघडी ठेवा, उजवी पूर्ण झाका. मग बाहेरचं रूपही दिसतं आणि आतलंही.

पुस मॉथमध्ये चालवणारा पुढे बसे आणि मागे एक-दोन माणसांना जागा असे. टपालाच्या फेरीसाठी आपण मागे टपालाच्या थैल्या ठेवू. खाकी कापडाच्या, दीड-दीड इंचाच्या, तोंड दोऱ्यानं आवळलेल्या. आत कापूस भरू नका, थैली फुगीर दिसते. कागदाचे बारीक कपटे भरा, म्हणजे पत्रांसारखे कोपरे बाहेरून उठून दिसतात.

आतल्या भिंतींना रंग फिका द्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांना वाटतं यंत्र म्हणजे काळं. एवढ्याशा पोटात उजेड कमी जातो. काळा रंग दिला तर आत केलेली सगळी मेहनत अंधारात बुडते. फिका करडा नाहीतर मातकट पांढरा द्या, आणि चकाकणारा तर नकोच.

आता या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग, दोरे. चालवणाऱ्याच्या दोन्ही पायांमधे एक दांडा असतो. तो मागे ओढला की विमानाचं नाक वर होतं, पुढे ढकलला की खाली. हे कसं होतं? शेपटीला आडवी फळी असते आणि तिच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी पट्टी. ती पट्टी वर उचलली की वारा तिच्यावर आदळून शेपटी खाली दाबतो, आणि शेपटी खाली गेली की नाक वर येतं. आपल्या विमानात हे खरंच चालवता येतं. दांडा जमिनीतून आरपार जाऊ द्या आणि मधोमध टाचणीवर डुलता ठेवा, म्हणजे त्याचं एक टोक वर, एक खाली राहील. शेपटीच्या पट्टीलाही एक छोटी काडी उभी लावा, अर्धी वर, अर्धी खाली. दांड्याच्या खालच्या टोकाचा दोरा काडीच्या वरच्या टोकाला बांधा, आणि वरच्याचा खालच्या. दोरे मधे फुली मारून जातील. आता दांडा मागे ओढा, शेपटीची पट्टी वर उचलली जाते. फुली न मारता सरळ बांधले तर सगळं उलटं होईल, नाक वर करायला गेलेला माणूस जमिनीकडे जाईल. पोरीला दोन्ही प्रकारे बांधून पाहू द्या.

पायांचं काम सोपं आहे. पायांपुढे मधोमध फिरणारी एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांचे दोन दोरे शेपटीच्या उभ्या पट्टीला जातात. इथे फुली नाही. उजवा पाय दाबला की विमान उजवीकडे वळतं.

समोरच्या फळीवर चार-पाच घड्याळं लागतात. त्यासाठी काळ्या टिकल्या घ्या, सगळ्यात लहान. खरं घड्याळ तीनेक इंचाचं असतं, म्हणजे आपल्या मापात पाव इंच. टिकलीवर पांढऱ्या पेन्सिलीनं एक काटा काढा. पण कोणती टिकली काय सांगते हे ठरलेलं असू द्या. एक उंची सांगते. जसजसं वर जावं तशी हवा विरळ होते, तिचा दाब कमी होतो, आणि त्या दाबावरून उंची कळते. एक वेग सांगते. पंखापाशी पुढे तोंड केलेली बारीक नळी असते, तिच्यात वारा जितक्या जोरानं शिरतो तितका काटा पुढे सरकतो. एक होकायंत्र, एक इंजिनाचे फेरे मोजणारं, एक तेलाचा दाब दाखवणारं. टाटांना वाट सापडली ती होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारी जमीन यांच्या जोरावर.

इंजिनासाठी संपलेल्या पेनांची चार टोपणं घ्या, एका ओळीत, तोंड खाली करून. या विमानाचं इंजिन उलटं बसवलेलं होतं, त्यामुळे नाक खाली राहायचं आणि चालवणाऱ्याला समोरचं जास्त दिसायचं. टोपणांवर काळा दोरा अंतर ठेवून गुंडाळा. मोटारसायकलच्या इंजिनाला जशा पत्र्याच्या चकत्या दिसतात ना, त्या या. वारा लागायला जागा जास्त मिळाली की इंजिन लवकर थंड होतं.

पंख माणसांच्या डोक्यावर येतात, सहा इंच रुंद. पुठ्ठ्याच्या फासळ्या कापा, वरून फुगीर, खालून जवळजवळ सपाट, आणि दोन लांब कमच्यांवर ओवा. डाव्या पंखाच्या फासळ्या उघड्या ठेवा, उजव्यावर कापड चढवा. जुनी, धुऊन विरलेली रुबिया किंवा मलमल उत्तम. नवं कापड घेऊ नका, त्यातली कांजी खळ धरू देत नाही. कणकेची पातळ खळ शिजवून कापडावर सारखी फिरवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना कापड आवळतं आणि डफासारखं ताणलं जातं.

खऱ्या विमानाच्या कापडावर खळीच्या जागी डोप नावाचं वार्निश लावत, तेही असंच आवळत असे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत पंखांचं कापड शिवायचं आणि त्यावर डोप फासायचं काम मोठ्या प्रमाणावर बायका करत. त्या डोपमधल्या एका द्रव्याच्या वाफेनं त्यांना कावीळ होई, काही जणी दगावल्याही. पुढे ते द्रव्य बदललं. विमानाच्या गोष्टीत उडवणाऱ्यांची नावं राहतात, या बायकांची राहिली नाहीत. तुम्हीही फवाऱ्याचा रंग वापरणार असाल तर अंगणात वापरा, बंद खोलीत नको, आणि लहान लेकरू मांडीवर घेऊन तर मुळीच नको.

उघड्या बाजूला पारदर्शक खिडकी हवी असेल तर साडीच्या खोक्याचं झाकण कापून लावा. ते सगळ्यात शेवटी. चिकटवायला फेविक्विक वापरू नका, त्याची वाफ प्लास्टिकवर पांढरी साय धरते आणि आतलं काही दिसत नाही. कडेनं बारीक टाके घाला, नाहीतर पांढरा गोंद लावा.

चालवणारी बाहुली बाई असली तर चालेल का, असं कोणी विचारेलच. चालेल. एमी जॉन्सन या इंग्रज बाईनं त्याच १९३२ मध्ये पुस मॉथ इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनपर्यंत नेलं होतं. साडी नेसवायची असेल तर सरला ठकराल यांना आठवा. १९३६ मध्ये लाहोरला त्यांनी याच घराण्यातलं जिप्सी मॉथ साडी नेसून एकटीनं उडवलं. आणि आपल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये सगळ्या बायकाच असलेल्या पथकासह इंडियन एअरलाइन्सचं विमान नेलं, तेव्हा कप्तान त्याच होत्या. फक्त बाहुली साडेपाच इंचांच्या वर जाऊ देऊ नका.

आणखी एक. खळ कणकेची आहे, त्यामुळे उंदीर आणि झुरळं पंख कुरतडायला येतील. शिजवताना खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर ती लागत नाहीत, पण ते विष आहे. त्यासाठी भांडं आणि चमचा वेगळा ठेवा, नंतर पुन्हा स्वयंपाकात आणू नका, आणि लेकरांना त्या दिवशी खळीत हात घालू देऊ नका. ज्यांच्या घरी अगदी लहान मुलं आहेत त्यांनी मोरचूद टाळावं आणि विमान दोऱ्यानं आढ्याला टांगावं. टांगताना दोरा पंखाच्या पुढच्या कमचीला बांधा, आणि उघडी बाजू दाराकडे करा, उजेड तिकडूनच येतो.